तीनशे सदतीस पूर्णांक एक तृतीयांश

बाबांना आता कानांनीच वाचता येतं,
स्टेशनातल्या तारयंत्राची कट्-कड तेवढी.
म्हणून हॅझेल क्रीक संघाच्या हंगामाची बेरीज
यंदा माझ्याकडे आली.
स्वयंपाकघरातलं टेबल, कंदील, ऑक्टोबर १९०९.
लीगच्या कचेरीला पंधरा तारखेपर्यंत हवी.

प्रॉबर्ट, गॉमर. पिचर. उजवा.
सामने एक्केचाळीस.
त्यातले चौतीस त्यानं एकट्यानं शेवटापर्यंत ओढले,
कारण दुसरा पिचर, ओट्टो क्लिंगामन,
खाणीत रात्रपाळीला.
जिंकले बावीस. हरले सतरा.
दोन अंधारानं नेले.
त्यातल्या एकात चौदा इनिंग झाल्या, एकास एक,
आणि पंच म्हणाला, आता चेंडू दिसत नाही,
तर गॉमर म्हणाला,
खाली आम्ही ह्याला दुपार म्हणतो.

हरलेल्या सतरांतले सहा
शॉर्टस्टॉपच्या बोटांतून सांडलेले.
चूक ज्याची त्याची, हार मात्र पिचरची;
रकाने आखणाऱ्यानं तसंच ठरवलंय.

चोरलेले तळ: एक.
का पळालास, असं मी विचारलं होतं.
कान लाल झाले त्याचे.

स्ट्राइकआउट एकशे अठ्ठेचाळीस.
नऊ नि नऊ अठरा, आठ मांडले, हातचा एक.
कुणाच्या हातचा,
हे गणितात विचारत नाहीत.

वॉक एकसष्ट.
चार चेंडू वाईट, पहिला तळ फुकट.
ह्या आकड्याला मधोमध बिजागरी आहे:
तीन जुलैपर्यंत चौदा,
पुढे सत्तेचाळीस.

चेंडू लागलेले फलंदाज एकोणीस.
अकरावा, लॉरेल फर्नेसचा एमस फेन्स्टरमाखर.
तीन जुलै, आठवी इनिंग, कानशील.
बाबा माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते.
लाकडाचा आवाज नाही हा, म्हणाले.

रविवारी सामने नसतात, कायदाच तसा.
गॉमर सकाळच्या गाडीनं गेला
मांडीवर पीचच्या मुरंब्याची बरणी धरून.
संध्याकाळी उतरला
तेव्हाही बरणी हातात, झाकण न उघडलेली.
त्यानंतर प्रत्येकाला तो हातभर लांबून फेकू लागला,
वाटेत कुणाचं मूल झोपलंय
आणि ते चुकवून जायचंय, असा.
लोक हुर्यो करायचे.
मी पेन्सिलीनं आणखी एक वॉक मांडायची.

इनिंग.
तीन वेळा बेरीज केली, तीन वेळा तेच:
तीनशे सदतीस पूर्णांक एक तृतीयांश.
एक तृतीयांश म्हणजे एक गडी.
अठरा सप्टेंबर. पहिला फलंदाज उंच झेल देऊन परतला.
दुसऱ्यासाठी गॉमरनं हात वर नेला,
थोडा वेळ तिथेच ठेवला,
मग दुसऱ्याचा असावा तसा खाली आणला.
चेंडू डाव्या हातात घेतला,
अंडं ठेवावं तसा मातीच्या उंचवट्यावर ठेवला,
आणि बाकावर झोपलेल्या क्लिंगामनला हाक मारली.

तृतीयांश सोडून दे, बाबा म्हणाले,
कचेरी पूर्णांकच छापते.
मी नाही सोडला. शाईनं लिहिला, आडव्या रेघेसकट.

डिसेंबरात छापील पान आलं.
प्रॉबर, जी. इनिंग ३३७.
एक गडी कमी, नावाचं एक अक्षर कमी.
चुलीपाशी उभी राहून मी ते बाबांना वाचून दाखवलं.
त्यांनी फक्त पानाची जाडी बोटांनी पाहिली.

गॉमर आता कोळसा निवडायच्या शेडमध्ये
पोरांच्या रांगेत बसतो.
त्याच आठवड्यात खिडकीशी आला,
फॉर्म मागितला, दोन डॉलर मोजले.
लॉरेल फर्नेस, फेन्स्टरमाखर.
मी भरून देऊ का, म्हटलं. मान हलवली, नको.
डाव्या हातानं लिहिलं सगळं,
पाटीवरच्या पोरासारखं, जीभ दातांत धरून.
मागे रांग खोळंबली होती, गाडीची वेळ झाली होती.
प्रॉबर्ट. पूर्ण.
शेवटचं अक्षर चौकटीच्या बाहेर गेलेलं.